‘मूठभर भरतात, सगळे खातात’: या मेसेजला माझं उत्तर

गेल्या दोन आठवड्यांत एकच मेसेज मला पाच ठिकाणांहून आला. मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, माहेरच्या ग्रुपवर आला, शाळेतल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर आला. भाच्याने तर मला वेगळा पाठवला आणि खाली लिहिलं, “मावशी, तू मंत्रालयात होतीस. तूच सांग, यात खोटं काय आहे?”

मेसेज लांबलचक आहे. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: राज्य सरकार म्हणजे आपल्या टॅक्सवर चाललेलं अन्नछत्र. टॅक्स मूठभर लोक भरतात आणि खातात सगळे. योजना मंत्री एका रात्रीत ठरवतात, त्यामागे कसलाही अभ्यास नसतो. शिक्षण आणि आरोग्य हे तसेही केंद्राचे विषय, राज्याने त्यात लुडबूड करू नये. सरकारी शाळा आणि इस्पितळं बंद करा, प्रत्येकाच्या हातात विम्याचं कार्ड आणि शाळेचं व्हाउचर द्या, प्रश्न मिटला.

भाच्याला फोनवर उत्तर द्यायला बसले आणि पाऊण तास बोलत राहिले. तो म्हणाला, लिहूनच काढ. म्हणून हे लिहिते आहे. मी ३२ वर्षं मंत्रालयात काढली. लिपिक-टंकलेखक म्हणून लागले, कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झाले. सामाजिक न्याय, सार्वजनिक आरोग्य आणि शेवटी शालेय शिक्षण अशा तीन विभागांतल्या नस्त्या, म्हणजे फायली, माझ्या टेबलावरून गेल्या आहेत. मेसेजचा क्रम मी पाळणार नाही. ज्यातलं मला सगळ्यात जास्त कळतं, तिथून सुरुवात करते.

“मंत्री एका रात्रीत ठरवतात”

योजना बहुतेक वेळा एका टिपणीतून सुरू होते. कुठून तरी मागणी आलेली असते: आमदाराचं पत्र, विधानसभेतला तारांकित प्रश्न, जिल्हाधिकाऱ्यांचा अहवाल, कोर्टाचा आदेश, मोर्चाचं निवेदन. सहायक कक्ष अधिकारी टिपणी लिहितो. ती कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव, सचिव अशी वर चढते आणि मंत्र्यांपर्यंत जाते. मंत्र्यांची सही झाली म्हणजे योजना झाली, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. खरं तर तिथून पुढे नस्ती वित्त विभागात जाते, आणि आमच्या काळजाचे ठोके तेव्हा वाढायचे.

वित्त विभाग प्रश्न विचारतो. लाभार्थी किती, आणि हा आकडा आणला कुठून? खर्च आवर्ती, म्हणजे दरवर्षीचा, की अनावर्ती, म्हणजे एकदाच होणारा? अर्थसंकल्पातल्या कोणत्या लेखाशीर्षातून, म्हणजे खात्यातून, भागवणार? दुसऱ्या विभागात अशीच योजना आधीपासून चालू आहे का? केंद्राचा हिस्सा मिळतो का? उत्तर अर्धवट असलं की नस्ती परत. पदं निर्माण करायची असतील तर वेगळी वाट, कायदा किंवा नियम बदलायचा असेल तर विधी व न्याय विभागाची वेगळी वाट. मोठा खर्च असेल तर मंत्रिमंडळासमोर टिपणी जाते. पैसा अर्थसंकल्पात नसेल तर पुरवणी मागण्यांची, म्हणजे वर्षाच्या मध्ये विधिमंडळाकडे मागायच्या जादा पैशाची, वाट बघायची. आता ई-ऑफिस आलं, कागद कमी झाला, पण रस्ता तोच आहे.

एकदा वसतिगृहातल्या मुलांचं दरमहा अनुदान वाढवण्याचा प्रस्ताव माझ्याकडे होता. तो तीन वेळा परत आला. मला संताप यायचा. महागाई वाढली आहे, मुलांच्या ताटात भाजी कमी पडते आहे, आणि हे लोक आकडे कसले विचारतात, असं वाटायचं. तिसऱ्या वेळी जिल्ह्याजिल्ह्यांतून महिनावार हजेरी मागवली. तेव्हा दिसलं की आम्ही सगळा हिशोब मंजूर संख्येवर मांडला होता, आणि प्रत्यक्ष राहणारी मुलं कित्येक ठिकाणी त्याहून बरीच कमी होती. म्हणजे त्याच पैशात प्रत्येक मुलामागे जास्त रक्कम देणं शक्य होतं. चूक आमच्या कक्षाची होती, माझीही होती. पण हेही सांगते, की या तीन फेऱ्यांत एक शैक्षणिक वर्ष निघून गेलं आणि त्या वर्षी जी मुलं दहावीला होती त्यांना वाढीव अनुदान कधीच मिळालं नाही. ही गोष्ट मला अजून टोचते. सरकारी दिरंगाईची आणि सरकारी तपासणीची बाजू एकाच नस्तीत असू शकते, हे मी तिथे शिकले.

शंका असेल त्याने राज्य शासनाच्या संकेतस्थळावर जाऊन कोणताही एक खर्चाचा शासन निर्णय, म्हणजे जीआर, उघडून बघावा. अगदी खाली, सहीच्या थोडं वर एक ठरावीक वाक्य सापडेल: सदर शासन निर्णय वित्त विभागाच्या अनौपचारिक संदर्भ क्रमांक अमुक, दिनांक अमुक अन्वये प्राप्त सहमतीनुसार निर्गमित करण्यात येत आहे. ती तारीख आणि जीआरची तारीख शेजारी ठेवा. वर ‘वाचा’ या शीर्षकाखाली आधीच्या जीआरची आणि पत्रांची यादी असते, ती बघा. कधीकधी ती यादी दहा-बारा वर्षं मागे जाते.

आता जिथे मेसेजचं म्हणणं खरं आहे तिथे ते मान्य करते. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना २८ जून २०२४ रोजी अतिरिक्त अर्थसंकल्पात जाहीर झाली आणि जीआरही त्याच दिवशी निघाला. वर्षाला ४६,००० कोटी रुपयांची योजना. आठवडाभराच्या आत अटी बदलल्या: वयाची मर्यादा ६० वरून ६५ झाली, पाच एकर जमिनीची अट निघाली, अर्जाची मुदत वाढली. नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक होती. पडताळणी खरी सुरू झाली ती निवडणुकीनंतर. तेव्हा अर्ज केलेल्यांत सरकारी नोकरीतल्या बायकाही सापडल्या. मग २०२५ मध्ये ई-केवायसी आली. त्यात पतीचं किंवा वडिलांचं आधार मागितलं, आणि ज्यांचे दोघेही हयात नाहीत अशा बायका अडकल्या. मुदत वाढवावी लागली. विधवा बाई ही काही महाराष्ट्रात दुर्मीळ गोष्ट नाही. ही नस्ती नेहमीच्या वाटेने, नेहमीच्या वेगाने गेली असती तर एखाद्या साध्या अवर सचिवानेही हा प्रश्न पहिल्याच फेरीत लिहून ठेवला असता.

महिन्याला १५०० रुपये देण्यावर माझा आक्षेप नाही. ज्या बाईच्या हातात स्वतःच्या नावाचा एक रुपया नव्हता तिच्यासाठी त्याचं मोल काय आहे ते मी रोज बघते. माझा आक्षेप घाईवर आहे. पण एका योजनेची घाई दाखवून “सगळ्याच योजना अशा” म्हणणं हे खोटं आहे, आणि त्याला माझ्याकडे सगळ्यात मोठं उत्तर आहे ते रोजगार हमीचं.

वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. गावात काम मागणाऱ्या माणसाला काम देणं ही सरकारची जबाबदारी असावी ही कल्पना त्यांनी १९६५ च्या सुमारास सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात करून पाहिली. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा ती राज्यभर न्यावी लागली. आमच्या पिढीच्या डोळ्यांसमोर ते दुष्काळी कामाचं चित्र आहे: डोक्याला पदर बांधून खडी फोडणाऱ्या बायका, झाडाला बांधलेल्या झोळीत झोपलेलं पोर, सुकडीच्या पिशव्या. दुष्काळ संपला तरी योजना गुंडाळली गेली नाही. पैसा कुठून आणायचा यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. १९७७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला, आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. केंद्राने देशभरासाठी तसा कायदा केला तो २००५ मध्ये. एका प्रयोगापासून कायदा अंमलात येईपर्यंत १४ वर्षं गेली. याला एक रात्र म्हणायचं?

“टॅक्स मूठभर भरतात”

वर व्यवसाय कराचा उल्लेख आला, त्यावरूनच पुढे जाते. ज्याची कोणाची पगाराची स्लिप समोर असेल त्याने कपातीचा रकाना बघावा. पी. टी. म्हणून महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, असे वर्षाचे २,५०० रुपये जातात. मंत्रालयात नव्याने लागलेली मुलं मला विचारायची, हे फेब्रुवारीतच १०० रुपये जास्त का? बाराने भागून २,५०० चा हिशोब बसत नाही, एवढंच त्याचं उत्तर. पण त्यामागची गोष्ट मी त्यांना आवर्जून सांगायचे. हा कर सुरू झाला तो दुष्काळी भागातल्या मजुराला काम देण्यासाठी. नरिमन पॉइंटच्या हाफिसातला कारकून आणि माण-खटावची मजूर बाई यांच्यात राज्याने कायद्याने बांधलेला तो धागा होता. शहराने तेव्हा तो निमूट भरला. भीक म्हणून कोणी भरला नाही.

आता ‘मूठभरां’कडे येऊ. मेसेज लिहिणाऱ्याच्या डोक्यात टॅक्स म्हणजे इन्कम टॅक्स. तो खरोखरच थोडे लोक भरतात. पण इन्कम टॅक्स राज्य सरकार वसूल करत नाही, केंद्र करतं. त्यातून उपकर आणि अधिभार वगळून जो वाटण्याजोगा भाग उरतो त्याचे ४१ टक्के सगळ्या राज्यांना मिळून मिळतात. २०२१ ते २०२६ या काळासाठी त्या ४१ टक्क्यांत महाराष्ट्राचा वाटा ६.३१७ टक्के ठरला होता. तुमच्या इन्कम टॅक्सच्या रुपयातून मंत्रालयाच्या तिजोरीत थेट काय येतं ते यावरून काढा.

राज्याची तिजोरी भरते ती मुख्यतः जीएसटीतल्या राज्याच्या हिश्श्यातून, पेट्रोल-डिझेलवरच्या व्हॅटमधून, घर-जमिनीच्या मुद्रांक शुल्कातून आणि दारूवरच्या उत्पादन शुल्कातून. हे कोण भरतं? आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताई भांडुपला राहतात. इन्कम टॅक्सशी त्यांचा संबंध नाही. परवा मी त्यांना त्यांच्या मोबाइलचा रिचार्ज करून दिला, २९९ रुपयांचा. बिल उघडून मी त्यांना दाखवलं: मूळ किंमत २५३ रुपये ३९ पैसे, आणि १८ टक्क्यांनी जीएसटी ४५ रुपये ६१ पैसे. निम्मा केंद्राला, निम्मा राज्याला. २८ दिवसांचा एक असे वर्षाला १३ रिचार्ज धरले तर फक्त फोनपोटी त्या जवळजवळ ६०० रुपये कर भरतात. त्या बराच वेळ बिलाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “काकू, म्हणजे मी पण भरते?” मी म्हटलं, साबणावर भरता, चपलेवर भरता, गॅसवर भरता. टेम्पोतून भाजी येते, तिच्या भावात डिझेलचा कर असतो, तोही तुम्हीच भरता. पगाराच्या मानाने बघितलं तर त्यांच्या हजारातून जाणारा कर माझ्या पेन्शनच्या हजारातून जाणाऱ्यापेक्षा जास्तच भरेल, कारण त्यांचं सगळं उत्पन्न खर्च होतं आणि माझं थोडं मागे राहतं.

देशी दारूच्या दुकानापुढे संध्याकाळी कोणाची रांग असते तेही सगळ्यांना माहीत आहे. त्या व्यसनाचं मी समर्थन करत नाही, घरं बुडालेली बघितली आहेत. पण तिजोरीत जाणाऱ्या त्या पैशाला गरीब माणसाचा पैसा म्हणायला लाज का वाटावी?

हा मुद्दा काही मी शोधलेला नाही. १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे, म्हणजे इंग्रज सरकारने नेमलेल्या शिक्षण आयोगापुढे, जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं, त्यात त्यांनी हेच मांडलं होतं की सरकारच्या महसुलाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो. म्हणून प्राथमिक शिक्षणावर खर्च करा. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली. आज आपण तोच वाद उलट्या तोंडाने ऐकतो आहोत, आणि ज्यांच्या आजोबा-पणजोबांना त्या मागणीमुळे पाटी मिळाली ते लोक तो पुढे पाठवत आहेत. मला याचं खरोखर वाईट वाटतं.

आणि ‘खातात सगळे’ म्हणताना आपण कोणकोणतं खातो तेही आठवावं. माझी धाकटी जाऊ केईएममध्ये बाळंत झाली. माझ्या वर्गातले दोन जण सरकारी मेडिकलला शिकून डॉक्टर झाले, खाजगी कॉलेजच्या फीच्या तुलनेत किरकोळ पैशात. अनुदानित शाळेतल्या शिक्षकांचे पगार राज्य सरकार देतं, आणि गिरगाव-दादर-पार्ल्यातल्या नावाजलेल्या मराठी शाळांतून शिकलेल्या किती घरांना हे आठवतं? आपण घेतलं तो हक्क, दुसऱ्याने घेतलं ते फुकट, असा हिशोब मला मांडता येत नाही.

“शिक्षण-आरोग्य केंद्राचेच विषय”

हे सरळसरळ चूक आहे, त्यामुळे फार वेळ घालवत नाही. सार्वजनिक आरोग्य, इस्पितळं आणि दवाखाने हा विषय घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्य सूचीत आहे, सहाव्या क्रमांकाची नोंद. शिक्षणही राज्य सूचीत होतं. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ते समवर्ती सूचीत गेलं, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांचं झालं. एकट्या केंद्राचं ते कधीच नव्हतं.

आणि घटना बाजूला ठेवली तरी इतिहास काय सांगतो? सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं गोखल्यांचं विधेयक १९११ मध्ये वरच्या कायदेमंडळात आलं आणि पडलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी ते १९१७ मध्ये आपल्या संस्थानात करून दाखवलं. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात नगरपालिकांना तशी मुभा देणारा कायदा झाला. शाळेत शिजवलेलं जेवण तामिळनाडूत आधी कामराजांच्या काळात आणि मग १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी मोठ्या प्रमाणात सुरू केलं. केंद्राची योजना १९९५ ची, आणि धान्य वाटण्याऐवजी शिजवूनच द्या असा सुप्रीम कोर्टाचा आदेश २००१ चा. रोजगार हमीचं वर सांगितलंच. दिल्लीने नंतर उचललेल्या कितीतरी गोष्टी आधी कुठल्या ना कुठल्या राज्यात उगवलेल्या दिसतात.

मुंबईकरांनी तर हे नुकतंच डोळ्यांनी पाहिलं आहे. १६ एप्रिल २०२५ च्या जीआरने पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून सक्तीची झाली. १७ जूनला भाषा सौम्य करून दुसरा जीआर निघाला. लोक उठले: शिक्षक, पालक, लेखक, राजकीय पक्ष. २९ जूनला दोन्ही जीआर रद्द झाले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण दिल्लीचं असेल, पण तो कागद काढला मुंबईत आणि मागे घेतला तोही मुंबईत. सगळं केंद्रच ठरवत असतं तर वरळीला ५ जुलैच्या विजयी मेळाव्याला एवढी गर्दी कशासाठी जमली?

दुसरं उदाहरण याहून कमी गाजलं, पण माझ्या दृष्टीने तेवढंच मोठं. शिक्षण हक्क कायद्यानुसार खाजगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखीव असतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने नियम बदलला, की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला ही अट नाही. मुंबईत एक किलोमीटरच्या आत पालिकेची शाळा नाही अशी जागा किती? म्हणजे दार बंदच. पालक आणि संघटना कोर्टात गेल्या. मुंबई हायकोर्टाने मे महिन्यात स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी तो बदल रद्द केला. धोरण मंत्रालयात लिहिलं जातं, आणि कायद्याच्या विरोधात गेलं तर फोर्टातल्या हायकोर्टात खोडलंही जातं. मधलं अंतर चालत जाण्याइतकं आहे.

“शाळा-इस्पितळं बंद करा, कार्ड आणि व्हाउचर द्या”

मेसेजमधला हा भाग सगळ्यात सुटसुटीत वाटतो आणि सगळ्यात जास्त नुकसान करणारा आहे.

व्हाउचरचं, म्हणजे सरकारने फी भरायची आणि शाळा पालकांनी निवडायची या कल्पनेचं, आधी सांगते. वर सांगितलेल्या २५ टक्के जागा म्हणजे एका परीने व्हाउचरच आहे: मूल खाजगी शाळेत जातं, फीची प्रतिपूर्ती सरकार करतं. ही प्रतिपूर्ती वर्षानुवर्षं थकते, शाळा तक्रार करतात, आणि काही ठिकाणी त्याचा राग त्या मुलांवर निघतो. एक चतुर्थांश जागांचे पैसे वेळेवर देता येत नाहीत, तिथे सगळ्यांचे देणार कसे? आणि पालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड, इंग्रजी अशा माध्यमांतून चालतात. धारावीतल्या तमिळ घरातल्या मुलीसाठी तमिळ माध्यमाची शाळा कोणता खाजगी संस्थाचालक काढेल?

आता कार्ड. महाराष्ट्रात ते आहेच. राजीव गांधी जीवनदायी योजना जुलै २०१२ मध्ये मुंबईसह आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढे राज्यभर गेली, २०१७ मध्ये महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना झाली. २०२३ मध्ये मर्यादा दीड लाखावरून पाच लाख झाली. मी आरोग्य विभागात असताना या योजनेमुळे हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या मुलांची आई-बापांनी पाठवलेली पत्रं वाचली आहेत. योजना चांगली आहे. पण ती ठरलेल्या यादीतल्या उपचारांना लागते, आणि बहुतेक करून इस्पितळात दाखल झाल्यावर.

आमच्या ताईंना रक्तदाब आहे. रोज सकाळी एक गोळी. ती त्या पालिकेच्या दवाखान्यातून आणतात, महिन्यातून एकदा, कामावर यायच्या आधी रांगेत उभं राहून. कागदाच्या लहान पुडीत तीस गोळ्या. दवाखाना बंद केला आणि पाच लाखांचं कार्ड दिलं, तर कार्ड त्या पुडीचे पैसे देत नाही. ते पैसे देईल त्या दिवशी, ज्या दिवशी गोळी चुकली म्हणून पक्षाघात झाला आणि ताई स्ट्रेचरवरून आत गेल्या. गरोदर बाईची तपासणी, बाळाच्या लसी, क्षयाच्या सहा महिन्यांच्या गोळ्या, कुत्रा चावल्यावरची इंजेक्शनं, पावसाळ्यातला मलेरिया आणि लेप्टो: मुंबईतल्या माणसाचं रोजचं आजारपण हे असं असतं. त्यातलं बरंचसं ओपीडीत निपटतं.

शिवाय कार्ड चालायला जवळ इस्पितळ असावं लागतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं आणि बालमृत्यू किती खाली येतात ते दाखवलं. १९९९ मध्ये ते लॅन्सेटमध्ये छापून आलं आणि पुढे आशाताईंच्या कामात देशभर गेलं. विम्याने हे झालं नसतं. २००५ मध्ये राज्याने राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन काढलं. २००५-०६ मध्ये दोन वर्षांखालची ३९ टक्के मुलं खुरटलेली, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी असलेली, होती. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१२ मध्ये केलेल्या पाहणीत हा आकडा २४ च्या आसपास आला होता. रिकामी पदं भरणं, अंगणवाडीसेविकांचं प्रशिक्षण, गर्भारपणापासूनच्या हजार दिवसांवर लक्ष, अशा कंटाळवाण्या वाटणाऱ्या कामातून ते घडलं. पुढे हात सैल झाला. पाच वर्षांखालच्या खुरटलेल्या मुलांचं प्रमाण २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३४.४ टक्के होतं, २०१९-२१ च्या पाहणीत ३५.२. खाली तर आलं नाहीच, किंचित वरच गेलं. हे अपयश आहे आणि त्याला अपयशच म्हटलं पाहिजे.

सरकारी इस्पितळांची अवस्था मला माहीत नाही असं कोणी समजू नये. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या सरकारी रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण गेले, त्यांत १२ नवजात बाळं होती. मुंबई हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली. औषधखरेदी आणि रिकाम्या जागा हेच प्रश्न पुन्हा वर आले. औषधखरेदी आधी खाती करत होती, २०१७ मध्ये हाफकिन या राज्य सरकारच्या औषध महामंडळाकडे गेली, २०२३ मध्ये स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा झाला. तामिळनाडूने यासाठीचं महामंडळ १९९४ मध्येच काढलं होतं. आपण तीस वर्षं उशिरा निघालो. पण ज्या बाळांना औषध मिळालं नाही, त्यांच्या नावाने इस्पितळच बंद करा म्हणणं याला मी काय म्हणू? त्या रात्री नांदेडला जे रुग्ण आले होते त्यांतले कित्येक खाजगी दवाखान्यातले पैसे संपल्यावर आलेले असतात, हे आरोग्य खात्यात काम केलेला कोणीही सांगेल.

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांना सांगितलं होतं की २०२० पर्यंत आरोग्यावरचा खर्च अर्थसंकल्पाच्या ८ टक्क्यांच्या वर न्या. महाराष्ट्र त्याच्या खूप खाली आहे. मेसेज पाठवणाऱ्याला सरकारवर रागवायचंच असेल तर इथे रागवावं.

भाच्याने शेवटी विचारलं, “मग मी करू काय?” त्याला मी एक काम दिलं आहे. राज्याच्या वित्त विभागाची बीम्स नावाची प्रणाली आहे, ती कोणालाही बघता येते. त्यात प्रत्येक विभागाला अर्थसंकल्पात किती दिले, त्यातले प्रत्यक्ष किती सोडले आणि किती खर्च झाले हे दिसतं. सार्वजनिक आरोग्य, शालेय शिक्षण आणि महिला व बालविकास या तीन विभागांचे आकडे त्याने काढायचे, फेब्रुवारी संपायच्या आत. मार्चमध्ये अधिवेशन सुरू झालं की आमच्या आमदारांच्या कार्यालयात आम्ही दोघं जाणार आहोत. ताईंनीही यायचं ठरवलं आहे. त्या दिवशी त्यांना सुट्टी.